ओएफडीएम रिसीव्हर पॅकेट पकडतो, पण डेटा चुकतो : दोष शोधण्याचा क्रम

ओएफडीएम ही बहुवाहक मॉड्युलेशनची, म्हणजे डेटा अनेक वाहक लहरींवर वाटून एकाच वेळी पाठवण्याची, आज सर्वाधिक वापरात असलेली पद्धत आहे. वाय-फाय, एलटीई आणि ५जी या तिन्हींचा पाया तीच आहे. ही पद्धत वापरून स्वतःचा मोडेम उभारणाऱ्याला, मग तो सॉफ्टवेअर रेडिओवर असो की एफपीजीएवर (हवी तशी रचना करता येणाऱ्या चिपवर), एक दोष हमखास भेटतो. रिसीव्हरला पॅकेटची सुरुवात सापडते, प्रीॲम्बल, म्हणजे पॅकेटच्या सुरुवातीचा आधीच ठाऊक असलेला क्रम, जुळते, सिग्नलची पातळीही भरपूर दिसते आणि तरीही सीआरसी, म्हणजे डेटा चुकला का हे पाहणारी तपासणी, नापास होते. हा दोष एकदा दुरुस्त केला म्हणून संपत नाही. बोर्ड बदलला, तापमान बदलले किंवा बँडविड्थ वाढवली की तो निराळ्या कारणाने परत उभा राहतो. पुढील क्रम असे बरेच मोडेम दुरुस्त करताना ठरत गेला आहे. स्वस्त आणि सोप्या तपासण्या आधी आहेत, उपकरणे आणि कौशल्य मागणाऱ्या तपासण्या शेवटी आहेत.

ज्याला रिसीव्हरच्या आतले सॅम्पल आणि एफएफटीनंतरचे (सॅम्पल वारंवारितांत विभागणाऱ्या गणितानंतरचे) आकडे पाहता येतात, त्याच्यासाठी हे लेखन आहे. तयार राउटरच्या बंद पेटीत यांतले काहीच दिसत नाही.

उदाहरणे मुख्यतः ८०२.११ए या वाय-फाय मानकाची घेतली आहेत, कारण त्याचे आकडे हिशेबाला सोयीचे आहेत. त्यात २० मेगाहर्ट्झ बँडविड्थ, ६४ बिंदूंची एफएफटी, ३१२.५ किलोहर्ट्झ अंतरावर बसवलेले सबकॅरिअर (उपवाहक), त्यांपैकी ४८ डेटासाठी आणि ४ पायलट (मूल्य आधीच ठाऊक असलेले), ३.२ मायक्रोसेकंदांचा उपयुक्त सिम्बॉल (सर्व सबकॅरिअरवर एका वेळी जाणारा तुकडा) आणि त्याच्या आधी ०.८ मायक्रोसेकंदाचा, म्हणजे १६ सॅम्पलचा, सायक्लिक प्रीफिक्स (सिम्बॉलच्या शेवटच्या भागाची प्रत) असतो. एलटीईत सबकॅरिअरमधले अंतर १५ किलोहर्ट्झ आणि उपयुक्त सिम्बॉल सुमारे ६६.७ मायक्रोसेकंदांचा असतो. दोन्हीकडे सबकॅरिअरमधले अंतर हे उपयुक्त सिम्बॉलच्या कालावधीच्या बरोबर व्यस्त असते. त्यामुळेच एका सबकॅरिअरच्या शिखरावर बाकीच्या सर्वांचे मूल्य शून्य येते. खाली वर्णन केलेले बहुतेक दोष म्हणजे हे शून्य शून्यावरून हलण्याचे वेगवेगळे मार्ग आहेत.

लक्षणे

लहान पॅकेट सुखरूप पोहोचते आणि लांब पॅकेट शेवटच्या भागात चुकते.

बीपीएसके आणि क्यूपीएसके या कमी बिटांच्या पद्धती चालतात, जास्त बिटांची ६४-क्यूएएम चालत नाही, आणि शक्ती वाढवून फरक पडत नाही किंवा स्थिती आणखी बिघडते. वाय-फायमध्ये हे लक्षण विशेष फसवे ठरते, कारण पॅकेटचे शीर्ष, म्हणजे सिग्नल सिम्बॉल, बीपीएसके आणि अर्ध्या कोड दराने पाठवलेले असते. ते वाचता आले म्हणून रिसीव्हर ठीक आहे असा समज होतो. प्रत्यक्षात मानकाने ट्रान्समीटरसाठी ठरवलेली ईव्हीएमची, म्हणजे एरर व्हेक्टर मॅग्निट्यूडची (बिंदू आदर्श जागेपासून किती दूर पडला याच्या मापाची), मर्यादा सर्वांत हळू दराला उणे ५ डेसिबल आहे आणि ५४ मेगाबिटच्या दराला उणे २५ डेसिबल आहे. या दोन मर्यादांमध्ये २० डेसिबलचे अंतर आहे आणि शीर्ष वाचता येण्याला त्यातल्या खालच्या टोकाचीच परीक्षा पुरते.

कॉन्स्टेलेशनचे, म्हणजे सबकॅरिअरवर मिळालेल्या मूल्यांच्या चित्राचे, बिंदू ठिपक्यांऐवजी कमानींसारखे पसरतात, किंवा पुरेशी सिम्बॉल जमवली की पूर्ण कडी होते.

बाहेरच्या कोपऱ्यांतील बिंदू आत ओढलेले दिसतात.

चुका बँडच्या दोन्ही कडांना जमतात, किंवा नेमक्या मध्यावर, किंवा एखाद्याच सबकॅरिअरवर.

केबलवर सर्व ठीक असते, अँटेना लावला की बिघडते. यंत्र चालू केल्यावर काही मिनिटे चुका येतात आणि नंतर थांबतात.

काहीही बदलण्याआधी दोन आलेख

कॉन्स्टेलेशन हे सर्व सबकॅरिअर आणि सर्व सिम्बॉल एकावर एक रचून काढलेले चित्र आहे, त्यामुळे त्यात दोषाचा आकार पुसला जातो. ढग दिसला की बहुतेक जण नॉइज समजतात आणि शक्ती वाढवतात किंवा इक्वलायझर, म्हणजे चॅनेलने (मधल्या मार्गाने) केलेला बदल भरून काढणारा भाग, बदलतात. माझ्या मते या विषयात सर्वांत जास्त वेळ इथेच वाया जातो. त्याऐवजी ईव्हीएमचे दोन आलेख काढावेत. पहिल्यात आडव्या अक्षावर सबकॅरिअरचा क्रमांक, दुसऱ्यात सिम्बॉलचा क्रमांक. दोष बँडभर सारखा पसरला आहे की कडांना वाढतो, पॅकेटच्या सुरुवातीपासून आहे की हळूहळू चढतो, या दोन उत्तरांतच अर्ध्याहून जास्त कारणे बाद होतात. तिसरे चित्र चॅनेलच्या अंदाजाच्या फेजचे असावे, तेही सबकॅरिअरनुसार.

हे मोजताना आधी ठाऊक असलेला डेटा पाठवावा. मिळालेला बिंदू ज्या आदर्श बिंदूच्या सर्वांत जवळ आहे तोच पाठवला होता असे गृहीत धरून काढलेली ईव्हीएम मोठ्या चुका लपवते, कारण बिंदू शेजाऱ्याच्या हद्दीत गेला की चूक पुन्हा लहान मोजली जाते. ६४-क्यूएएममध्ये पूर्ण निकामी लिंकसुद्धा या पद्धतीने बरी दिसू शकते.

पहिली तपासणी : रेडिओ न लावता

ट्रान्समीटरने तयार केलेले सॅम्पल फाईलमध्ये साठवून थेट रिसीव्हरच्या कोडला द्यावेत. याला काहीच खर्च नाही, आणि तरीही ही पायरी वगळण्याचा मोह सर्वांनाच होतो. फ्लोटिंग पॉइंटमध्ये इथे ईव्हीएम उणे १०० डेसिबलच्या आसपास किंवा त्याहून खाली यायला हवी. उणे ३० किंवा उणे ४० येत असेल आणि नॉइज मुळात घातलेलाच नसेल, तर चूक कोडमध्ये आहे आणि रेडिओला हात लावण्याचे कारण नाही.

इथे सापडणाऱ्या चुका ठरावीक आहेत. एफएफटीच्या फळात शून्य वारंवारिता पहिल्या स्थानी असते, तर आपल्या मनातल्या चित्रात ती मध्ये असते, त्यामुळे बँडचे दोन अर्धे उलटसुलट बसतात. सायक्लिक प्रीफिक्स सिम्बॉलच्या शेवटाऐवजी सुरुवातीच्या भागातून घेतला जातो. पायलटच्या चिन्हांचा क्रम एका सिम्बॉलने पुढे-मागे होतो. एफएफटीच्या गुणकात ६४ ने की त्याच्या वर्गमुळाने भागायचे याचा दोन्ही टोकांना मेळ नसतो.

आय आणि क्यू या सिग्नलच्या (९० अंश फेजने वेगळ्या) दोन शाखांची अदलाबदल मात्र वेगळी लक्षात ठेवावी, कारण ती शीर्षकातले लक्षण हुबेहूब निर्माण करते. अदलाबदलीने संपूर्ण स्पेक्ट्रम आरशात पाहिल्यासारखा उलटतो. पॅकेटची सुरुवात शोधणारी पद्धत प्रीॲम्बलचा पुनरावृत्त होणारा भाग स्वतःशीच ताडून पाहत असेल, तर तिला या उलटण्याचा पत्ताही लागत नाही, कारण उलटा स्पेक्ट्रमही तितकाच पुनरावृत्त असतो. पॅकेट सापडते आणि पुढचे सर्व चुकते. ओळखण्याची खूण चॅनेलच्या अंदाजात मिळते: शेजारशेजारच्या सबकॅरिअरवर फेज १८० अंशांनी उड्या मारते. खरा चॅनेल असे कधी करत नाही. ज्ञात ट्रेनिंग क्रमाशी चुकीच्या क्रमाने भागाकार झाला की अधिक-उणे चिन्हे अशीच उरतात. ही अदलाबदल कोडऐवजी हार्डवेअरच्या जोडणीतही झालेली असू शकते, त्यामुळे रेडिओ लावल्यावर ही खूण पुन्हा एकदा पाहावी.

फाईलवरची चाचणी पार पडल्यावर लगेच पुढे जाऊ नये. त्याच सॅम्पलमध्ये एकेक दोष मुद्दाम घालावा: थोडी वारंवारितेची चूक, एका सॅम्पलचा विलंब, किंचित क्लॉकचा फरक, शिखरांची छाटणी. प्रत्येकाचे दोन्ही आलेख जपून ठेवावेत. पुढे खऱ्या लिंकवर काय दिसते ते ओळखण्यासाठी याहून चांगला संदर्भ मिळत नाही.

दुसरी तपासणी : पातळ्या

आता दोन रेडिओ केबलने जोडावेत, पण मध्ये किमान ३० डेसिबलचा ॲटेन्युएटर (शक्ती कमी करणारा भाग) असल्याशिवाय नाही. ट्रान्समीटरच्या शक्तीनुसार तो आणखी मोठा लागतो. दोन्ही उपकरणांच्या माहितीपत्रकांतील कमाल आकडे जुळवून मगच जोडणी करावी. ट्रान्समीटर थेट रिसीव्हरला जोडल्याने रिसीव्हरचा पहिला ॲम्प्लिफायर कायमचा जाऊ शकतो, आणि अर्धवट जळालेला ॲम्प्लिफायर नंतर दीर्घकाळ भलत्याच दोषांच्या मागे धावायला लावतो.

पातळी महत्त्वाची का, हे ओएफडीएमच्या घडणीतच आहे. अनेक स्वतंत्र सबकॅरिअरची बेरीज अधूनमधून एकाच फेजमध्ये येते आणि शिखर उभे राहते. ६४ सारख्या ताकदीच्या सबकॅरिअरसाठी शिखर आणि सरासरी यांचे सैद्धांतिक गुणोत्तर १८ डेसिबलपर्यंत जाऊ शकते. इतके टोक क्वचितच येते. बेरीज गॉसियन मानली, तर क्षणिक शक्ती सरासरीपेक्षा ९.६ डेसिबलने जास्त असण्याची शक्यता ०.०१ टक्का निघते. म्हणून कन्व्हर्टरच्या (सिग्नलचे आकडे करणाऱ्या भागाच्या) पूर्ण पट्टीपासून सरासरी पातळी सुमारे १२ डेसिबल खाली ठेवणे हा सुरक्षित आरंभ आहे. सॅम्पलच्या मूल्यांचा हिस्टोग्राम काढावा. दोन्ही टोकांना उंच खांब दिसले तर कन्व्हर्टर छाटत आहे.

यानंतर रिसीव्हरचा गेन दोन-तीन डेसिबलच्या पायऱ्यांनी वाढवत ईव्हीएम नोंदवावी. कमी गेनला नॉइज, जास्त गेनला विकृती, आणि मध्ये सपाट तळ, असा आलेख यायला हवा. मग तेच ट्रान्समीटरच्या शक्तीबाबत करावे. शक्ती एक-दोन डेसिबलने कमी केल्यावर ईव्हीएम सुधारत असेल, तर दोष पॉवर ॲम्प्लिफायर दबण्याचा आहे. अशा वेळी कॉन्स्टेलेशनचे बाहेरचे कोपरे आत ओढलेले असतात आणि स्पेक्ट्रमच्या दोन्ही बाजूंना खांदे उगवलेले दिसतात. उपाय शक्ती कमी करणे हाच आहे. छाटणी, प्रीडिस्टॉर्शन (विकृतीची आधीच भरपाई) वगैरे गोष्टी नंतर. एलटीईने मोबाइलकडून तळाकडे जाणाऱ्या मार्गासाठी साध्या ओएफडीएमऐवजी कमी शिखरांचे एससी-एफडीएमए निवडले ते याच शिखरांमुळे, कारण हातातल्या यंत्राला इतकी राखीव शक्ती परवडत नाही.

स्वयंचलित गेन नियंत्रण चालू असेल तर ते प्रीॲम्बलच्या सुरुवातीच्या भागात स्थिरावून पॅकेट संपेपर्यंत गोठले पाहिजे. चॅनेलचा अंदाज घेतल्यानंतर गेन हलला, तर तो अंदाज पुढच्या सिम्बॉलसाठी निरुपयोगी होतो. सिम्बॉलनुसार काढलेल्या आलेखात अचानक एक पायरी दिसली की पहिला संशय इथेच घ्यावा.

केबलवर ईव्हीएम समाधानकारक असेल आणि हवेतच बिघडत असेल, तर पुढच्या तीन तपासण्या वरवर करून सायक्लिक प्रीफिक्सकडे जावे. केबलवरही दोष असेल, तर चॅनेलला दोष देण्यात अर्थ नाही.

तिसरी तपासणी : वाहक वारंवारितेतील फरक

वारंवार येणाऱ्या तक्रारींत हे कारण सर्वांत मोठे आहे, म्हणून इथे थांबून हिशेब करणे योग्य आहे.

दोन रेडिओंचे स्फटिक कधीच नेमके सारखे नसतात. ८०२.११ए प्रत्येक बाजूला दशलक्षांश २० (२० पीपीएम) इतकी सूट देते, म्हणजे दोघांत मिळून ४० पीपीएम. ५.८ गिगाहर्ट्झवर हा फरक २३२ किलोहर्ट्झ होतो, म्हणजे सबकॅरिअरमधल्या अंतराच्या जवळजवळ तीन चतुर्थांश. १५ किलोहर्ट्झ अंतराच्या प्रणालीत स्थिती आणखी नाजूक असते: २.४ गिगाहर्ट्झवर केवळ एका पीपीएमचा फरक २.४ किलोहर्ट्झ होतो, म्हणजे अंतराच्या १६ टक्के. सबकॅरिअर एकमेकांत सांडू लागल्यावर सिग्नल आणि या गळतीचे गुणोत्तर साधारण असे राहते: फरक अंतराच्या १ टक्का असेल तर ३५ डेसिबल, २ टक्के असेल तर २९, ५ टक्के असेल तर २१ आणि १६ टक्के असेल तर ११ डेसिबल. ६४-क्यूएएम हवे असेल तर २ टक्क्यांच्या आत राहावे लागते.

सर्वांत सोपी चाचणी म्हणजे दोन्ही रेडिओंना एकच १० मेगाहर्ट्झचा संदर्भ देणे. बहुतेक प्रयोगशाळेतल्या सॉफ्टवेअर रेडिओंना त्यासाठी जोडणी असते. दोष नाहीसा झाला तर कारण ठरले. चालू केल्यावर काही मिनिटे चुका आणि नंतर शांतता, हे लक्षणही स्फटिक तापून स्थिरावण्याचे असते.

दुरुस्तीची पद्धत सर्वांना ठाऊक असते: प्रीॲम्बलमधील दोन सारख्या तुकड्यांतील फेजचा फरक मोजायचा आणि एफएफटीच्या आधीच सॅम्पल उलट दिशेने फिरवायचे. एफएफटीनंतर फिरवून भागत नाही, कारण तोपर्यंत सबकॅरिअर एकमेकांत मिसळून गेलेले असतात. लक्ष द्यायचे ते मोजमापाच्या पल्ल्याकडे. १६ सॅम्पल अंतरावरच्या लघु ट्रेनिंग तुकड्यांनी अधिक-उणे ६२५ किलोहर्ट्झपर्यंतचा फरक निःसंदिग्धपणे मोजता येतो, पण ६४ सॅम्पल अंतरावरच्या दीर्घ तुकड्यांनी अधिक-उणे १५६.२५ किलोहर्ट्झपर्यंतच. फक्त दीर्घ तुकडे वापरले, तर २३२ किलोहर्ट्झचा फरक उणे ८०.५ असा मोजला जातो. ती दुरुस्ती केल्यावर सबकॅरिअर पुन्हा नेमके शून्यावर बसतात, गळती थांबते, सर्व स्वच्छ दिसते आणि तरी प्रत्येक सबकॅरिअर एका घराने सरकलेला राहतो. चॅनेलच्या अंदाजात पुन्हा १८० अंशांच्या उड्या दिसतात. त्यामुळे आय-क्यू अदलाबदल आणि पूर्णांक सरकणे यांत गोंधळ होतो. पडताळणीसाठी ट्रेनिंग क्रम एक घर डावीकडे, मग उजवीकडे सरकवून ताडावा. जुळला तर सरकणे, उलटा करून जुळला तर अदलाबदल.

मोठा फरक काढून टाकल्यावरही थोडासा उरतोच. समजा ५०० हर्ट्झ उरले. ३१२.५ किलोहर्ट्झच्या तुलनेत ते नगण्य आहे, गळती जवळपास नाही. पण ४ मायक्रोसेकंदांच्या प्रत्येक सिम्बॉलगणिक कॉन्स्टेलेशन ०.७२ अंशाने फिरते. क्यूपीएसकेची ४५ अंशांची हद्द ६३ व्या सिम्बॉलला ओलांडली जाते. लहान पॅकेट पास आणि लांब पॅकेट नापास होण्याचे हे सर्वांत सामान्य कारण आहे, आणि कमानी किंवा कडी दिसण्याचेही. पायलटवरून प्रत्येक सिम्बॉलची सामाईक फेज काढून ती वजा करणे हा उपाय आहे. पायलट कोडमध्ये वाचलेच जात नाहीत किंवा त्यांच्या चिन्हांचा क्रम चुकलेला आहे, असे इथे अनेकदा आढळते.

चौथी तपासणी : एफएफटीची खिडकी

एफएफटीला दिलेल्या सलग सॅम्पलची खिडकी एक सॅम्पल आधी सुरू झाली की प्रत्येक सबकॅरिअरमागे ३६० भागिले ६४, म्हणजे सुमारे ५.६ अंशांचा फेज उतार येतो. चॅनेलच्या अंदाजाच्या फेजमध्ये तो सरळ तिरपी रेघ म्हणून दिसतो आणि इक्वलायझर तो आपोआप काढून टाकतो, कारण खिडकी अजून सायक्लिक प्रीफिक्सच्या आतच आहे. खिडकी एकच सॅम्पल उशिरा सुरू झाली, तर मात्र पुढच्या सिम्बॉलचा तुकडा आत येतो आणि ती चूक कोणताही एका गुणकाचा इक्वलायझर काढू शकत नाही. त्यामुळे मोजलेल्या क्षणापेक्षा खिडकी तीन-चार सॅम्पल मुद्दाम आधी ठेवणे शहाणपणाचे असते. जिथे पायलट विरळ असून मधल्या सबकॅरिअरचा चॅनेल अंदाजाने भरला जातो, तिथे हे सरकवणे बेताने करावे. फार उतार झाला की दोन पायलटमधली भरपाईच चुकते.

यातून एक मोफत मोजमाप मिळते, त्याचा उपयोग फारसे कोणी करत नाही. खिडकी एकेका सॅम्पलने सरकवत प्रत्येक स्थानी चॅनेलचा अंदाज नव्याने घ्यावा आणि ईव्हीएम नोंदवावी. मध्ये सपाट पठार येते आणि दोन्ही टोकांना चढ. पठाराची रुंदी म्हणजे प्रीफिक्सची लांबी वजा चॅनेलची लांबी. केबलवर १६ सॅम्पलच्या प्रीफिक्समध्ये पठार १० सॅम्पलचेच निघाले, तर उरलेली ६ सॅम्पल आपल्याच फिल्टरांनी खाल्ली आहेत. अतितीव्र उताराचे डिजिटल फिल्टर लावणाऱ्यांना हा आकडा दाखवावा.

पाचवी तपासणी : सॅम्पलिंग क्लॉक

ट्रान्समीटर आणि रिसीव्हर यांच्या सॅम्पलिंग क्लॉकमध्ये ४० पीपीएमचा फरक असेल, तर दर १.२५ मिलिसेकंदांनी, म्हणजे सुमारे ३१२ सिम्बॉलनंतर, खिडकी एका सॅम्पलने घसरते. तेवढ्या घसरणीने मध्याजवळच्या सबकॅरिअरला काही होत नाही, पण कडेच्या २६ व्या सबकॅरिअरची फेज १४६ अंश फिरते. म्हणून खूण स्पष्ट असते: चूक बँडच्या कडांना जास्त, आणि पॅकेटच्या सुरुवातीला नसून शेवटाकडे वाढणारी. दोन्ही आलेख एकत्र पाहिल्याशिवाय ही खूण सापडत नाही. कडांची चूक पहिल्या सिम्बॉलपासूनच तितकीच असेल, तर क्लॉकऐवजी फिल्टरची कड तपासावी.

८०२.११ए मध्ये वाहक आणि सिम्बॉल क्लॉक एकाच स्फटिकावरून काढण्याची अट आहे. त्यामुळे वाहकातील फरकावरून मिळालेला पीपीएमचा आकडाच क्लॉकच्या दुरुस्तीला वापरता येतो. स्वतःच्या रचनेत दोन स्वतंत्र स्फटिक असतील तर ही सोय राहत नाही आणि पायलटच्या फेजचा उतार सिम्बॉलगणिक मोजत राहावे लागते.

सहावी तपासणी : सायक्लिक प्रीफिक्स आणि चॅनेल

हवेतच बिघडणाऱ्या लिंकसाठी ही तपासणी आहे. ०.८ मायक्रोसेकंदात रेडिओ लहर सुमारे २४० मीटर जाते. परावर्तित मार्ग थेट मार्गापेक्षा त्याहून लांब असेल, तर मागच्या सिम्बॉलची शेपटी प्रीफिक्स ओलांडून आत येते. एलटीईचा सामान्य प्रीफिक्स सुमारे ४.६९ मायक्रोसेकंदांचा, म्हणजे १.४ किलोमीटरचा, आणि विस्तारित प्रीफिक्स १६.६७ मायक्रोसेकंदांचा आहे. वरच्या पठाराची चाचणी अँटेनावर पुन्हा करावी. पठार उरलेच नसेल तर उत्तर मिळाले.

उपाय दोन. प्रीफिक्स वाढवावा, किंवा तोच प्रीफिक्स ठेवून सिम्बॉल लांब करावा, म्हणजे सबकॅरिअर जवळ आणावेत. ८०२.११एएक्सने अंतर ७८.१२५ किलोहर्ट्झ आणि सिम्बॉल १२.८ मायक्रोसेकंदांचा केला तेव्हा ०.८ मायक्रोसेकंदाच्या प्रीफिक्सवर खर्च होणारा वेळ २० टक्क्यांवरून सुमारे ६ टक्क्यांवर आला. त्यामुळे अधिक लांब प्रीफिक्सही परवडू लागले. किंमत अर्थातच वारंवारितेच्या फरकाला चौपट संवेदनशील होण्याची. वेगाचाही विचार करावा: ताशी १०० किलोमीटर वेगाला २.४ गिगाहर्ट्झवर डॉपलर सरकणे (हालचालीमुळे वारंवारिता बदलणे) सुमारे २२२ हर्ट्झ असते. १५ किलोहर्ट्झच्या तुलनेत ते दीड टक्का आहे.

या टप्प्याला काही जण ओएफडीएम सोडून एफबीएमसीसारख्या दुसऱ्या बहुवाहक पद्धतीकडे वळण्याचा विचार करतात. बँडबाहेरची गळती कमी करण्यासाठी तो विचार योग्य आहे. पण ज्यांचा क्लॉक आणि वाहक अजून जुळलेला नाही, त्यांना नव्या पद्धतीतही तेच दोष भेटतील.

सातवी तपासणी : मोजकेच सबकॅरिअर बिघडलेले

ट्रान्समीटर बंद करून रिसीव्हरचा स्पेक्ट्रम पाहावा. कुठे रेघ उभी असेल तर ती बाहेरची व्यत्यय आणणारी लहर किंवा आपल्याच बोर्डच्या क्लॉकची गळती आहे. नेमक्या मध्यावरची रेघ ही स्थानिक ऑसिलेटरच्या गळतीची किंवा डीसी ऑफसेटची असते. त्यासाठीच मधला सबकॅरिअर रिकामा ठेवतात. वाहकाचा फरक दुरुस्त केल्यावर ही रेघ मध्यावरून सरकून शेजारच्या डेटावर पडते, म्हणून डीसी आधी काढावा.

आय-क्यू असमतोलासाठी फक्त धन बाजूचे सबकॅरिअर पाठवून ऋण बाजूला काय उमटते ते पाहावे. १ डेसिबलच्या गेन फरकाने आरशातली प्रतिमा सुमारे २५ डेसिबल खाली उमटते, तर १ अंशाच्या फेज फरकाने सुमारे ४१ डेसिबल खाली. ६४-क्यूएएमसाठी पहिला आकडा घातक आहे, दुसरा नाही. रिसीव्हरच्या असमतोलाची दुरुस्तीही वाहकाच्या दुरुस्तीआधीच करावी लागते.

आठवी तपासणी : फेज नॉइज

वरचे सर्व नीट असूनही ईव्हीएम सर्व सबकॅरिअरवर सारखीच वाईट राहते, शक्ती वाढवून किंवा कमी करून हलत नाही, आणि सामाईक फेज सिम्बॉलगणिक एका दिशेने फिरण्याऐवजी वेडीवाकडी उडते, तेव्हा ऑसिलेटरचा फेज नॉइज, म्हणजे त्याच्या फेजची स्वैर थरथर, हेच कारण उरते. पायलटने सामाईक भाग काढता येतो. सबकॅरिअरमधली गळती मात्र तशीच राहते, आणि अंतर जितके कमी तितकी ती जास्त जाचते. २४ गिगाहर्ट्झच्या वरच्या बँडमध्ये ५जी डेटासाठी मुख्यतः ६० किंवा १२० किलोहर्ट्झ अंतर वापरते आणि फेजच्या मागावर राहण्यासाठी वेगळे संदर्भ सिग्नल ठेवते, त्याचे एक कारण हेच आहे. घरच्या घरी करण्याजोग्या चाचण्या दोनच: स्विचिंग पुरवठ्याऐवजी बॅटरी किंवा लिनिअर पुरवठा लावून पाहणे, आणि सोय असल्यास स्थानिक ऑसिलेटरऐवजी चांगल्या सिग्नल जनरेटरची लहर देऊन पाहणे.

कुठे थांबावे

फेज नॉइज ठरला आणि पुरवठा बदलूनही गेला नाही, तर थांबावे. पीएलएलचा (ऑसिलेटरला संदर्भाशी बांधून ठेवणाऱ्या मंडलाचा) लूप फिल्टर नव्याने आखणे आणि त्याचे मोजमाप करणे हे आरएफ अभियंत्याचे काम आहे. त्यासाठी लागणारे फेज नॉइज मोजण्याचे उपकरणही सहसा त्याच्याकडेच असते. अंदाजाने कपॅसिटर बदलत गेल्यास चालणारा बोर्डही हातचा जातो.

पॉवर ॲम्प्लिफायर कमी शक्तीलाही विकृती दाखवत असेल, विनाकारण तापत असेल किंवा इनपुट नसताना स्पेक्ट्रमवर लहर दाखवत असेल, तर पुरवठा बंद करावा आणि तज्ज्ञाकडे द्यावा. स्पेक्ट्रमचे खांदे मानकाच्या मास्कबाहेर, म्हणजे ठरलेल्या मर्यादेबाहेर, जात असतील, तर अँटेना काढून टाकावा आणि मास्क पाळला जातो हे प्रमाणित प्रयोगशाळेकडून तपासून घेईपर्यंत काम केबल आणि ॲटेन्युएटरवरच ठेवावे. शेजारच्या बँडमध्ये गळती करणे हा बहुतेक ठिकाणी कायद्याचाही प्रश्न असतो. परवाना लागणाऱ्या बँडमध्ये परवान्याशिवाय प्रक्षेपण कोणत्याही तपासणीसाठी करू नये. टॉवरवरच्या किंवा मोठ्या शक्तीच्या अँटेनाजवळचे काम प्रशिक्षित माणसांशिवाय कोणीही हाती घेऊ नये.

तज्ज्ञाकडे जाताना दोषी पॅकेटचे मूळ आय-क्यू सॅम्पल, कोणतीही दुरुस्ती करण्याआधीचे, द्यावेत. सोबत त्याच मांडणीत मिळालेले एखादे चांगले पॅकेट, ईव्हीएमचे दोन्ही आलेख आणि खिडकीच्या पठाराचा आलेख जोडावा. फाईलबरोबर सॅम्पलचा दर, मध्य वारंवारिता, दोन्ही टोकांचे गेन, ॲटेन्युएटरचे मूल्य, आकड्यांचा प्रकार आणि आय-क्यूचा क्रम लिहिलेला असावा. हे नसेल तर पुढच्या माणसाचे काम पहिल्या तपासणीपासून सुरू होते.